दक्षिण बाजूची हरकत

आमचे कळंब्याचे घरमालक खोली भाड्यानं देताना नोकरी विचारत नसत, गाव विचारत नसत, आडनावसुद्धा विचारत नसत. लग्नानंतर आम्ही नवरा-बायको खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला सोप्यात बसवलं, पाणी दिलं, समोर स्वतः मांडी घालून बसले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पावणं, एक सांगा. ह्या सोप्याला डासांची जाळी मारावी, का न्हाय?"

सोपा म्हणजे घराच्या पुढची ओसरी. त्यांचा सोपा चांगला लांबरुंद होता, दोन बाजूंनी उघडा, वर कौलं. माझ्या नवऱ्याला वाटलं ही काहीतरी परीक्षा आहे. तो इचलकरंजीच्या एका मागाच्या कारखान्यात सुपरवायझर होता, जपून बोलणारा माणूस. तो म्हणाला, "विचार करून सांगतो." त्याबरोबर मालकांचा चेहरा असा खुलला की बस्स. आत तोंड करून ते ओरडले, "ऐकलंस काय? इचार करून सांगतो म्हणतोय! ह्यालाच देऊया खोली."

त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला अक्का. अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी जिल्ह्यातल्या शेतांच्या हद्दी काढल्या. माणूस निवृत्त झाला तरी मोजणी काही निवृत्त झाली नव्हती. परसातल्या कढीपत्त्यापासून न्हाणीपर्यंतचं अंतर त्यांना तोंडपाठ होतं. आमची मुलगी रांगायला लागली तेव्हा ती दिवसाला किती फूट रांगते हे त्यांनी मला आपण होऊन सांगितलं होतं. कुणी वेळ विचारली तर ते घड्याळ बघायचे, मग ऊन बघायचे, आणि दोन्ही सांगायचे. ताळा जमला पाहिजे, म्हणायचे.

तर त्या जाळीबद्दल.

आम्ही राहायला जाण्याच्या आदल्या वर्षी अक्कांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात पार गेला होता. उजवा पाय ओढत, काठी टेकत त्या मधल्या खोलीतून सोप्यापर्यंत यायच्या. बोलणं थोडं जड झालेलं, पण डोकं लख्ख. सोप्यात त्यांची खाट टाकलेली असायची. तिथं बसून रस्ता बघणं एवढंच त्यांचं जग उरलं होतं, आणि त्यातली खरी वेळ दिवेलागणीची. त्या वेळी वैरणीचे भारे घेतलेल्या बायका तलावाकडून परत यायच्या, सायकलीला दुधाच्या किटल्या अडकवलेली माणसं डेअरीकडे निघायची, आणि जो तो जाता जाता हाक मारायचा, "अक्का, बरं हाय न्हवं?" अक्का प्रत्येकाला चालीवरून ओळखायच्या.

पण नेमकं त्याच वेळी डास उठायचे. तलाव जवळ, शेतं जवळ, डासांची नुसती जत्रा. बाकीचे आम्ही फटाफट मारायचो. अक्कांना ते जमत नव्हतं. उजव्या दंडावर डास बसलेला त्यांना दिसायचा, पण डावा हात तिथवर पोचेपर्यंत तो चावून उडालेला असायचा. म्हणून रस्ता रंगात आला, की अण्णा त्यांना आत न्यायचे आणि दार लावायचे. रोज. अक्का उंबऱ्यावर एकदा मागं वळून बघायच्या.

जाळी मारली की प्रश्न मिटला. कुणालाही कळण्यासारखी गोष्ट. माझा स्वभाव एक घाव दोन तुकड्यांचा. मी शाळेत गणित शिकवायचे. गणित सुटत असताना लोक ते सोडवत का नाहीत याचा मला राग यायचा. पण अण्णांच्या लेखी हे गणित नव्हतं, ही हद्द होती. सोपा आणि रस्ता यांच्यामध्ये नवी हद्द पडणार होती. आणि हद्द म्हटली, की सगळ्या संबंधितांना विचारल्याशिवाय, मोजणी झाल्याशिवाय, पंचांचे जबाब घेतल्याशिवाय ती पडत नाही.

त्यांनी सोप्याचा नकाशा काढला. उत्तरेचा बाण काढून, प्रमाण लिहून. पूर्वेस रस्ता, उत्तरेस पेरूचं झाड, पश्चिमेस मधली खोली, दक्षिणेस भाडेकरूची खिडकी. भाडेकरू म्हणजे आम्ही. आमची खोली सोप्याला काटकोनात जोडलेली होती आणि तिची एकुलती एक मोठी खिडकी सोप्यात उघडायची. मोजमाप त्यांनी तीनदा घेतलं. मी म्हटलं, "अण्णा, सोपा काय पळून चाललाय का?" तर म्हणाले, "बाई, उनात मोजणीची लोखंडी साखळी वाढती. सकाळचं माप निराळं, दुपारचं निराळं." मी शाळामास्तरीण म्हणून ते मला बाई म्हणायचे.

मग पंच. जो कोणी त्या सोप्याची पायरी चढेल तो पंच. "पावणं, जरा टेका. एक इचारायचं हाय." पोस्टमन घाईत असायचा, तो म्हणाला, "जाळी मारा नाहीतर भिंत बांधा, पत्र टाकायला एक फट ठेवा म्हंजे झालं." हे अण्णांनी शब्दशः उतरवून घेतलं. दूधवाला म्हणाला, "आमच्या गोठ्यात म्हशींस्नी मारलीया जाळी. माणसानं काय घोडं मारलंय?" यावर अक्का खाटेवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पलीकडच्या गल्लीत तुरुंगावरचे एक निवृत्त शिपाई राहायचे. त्यांचं मत मात्र उलट पडलं. ते म्हणाले, "अण्णा, मी जाळीतनं बोलणारी माणसं लई बघितल्यात. मधी जाळी आली की माणूस हळू बोलाय लागतंय. आनि लगेच उठतंय." अण्णा त्या रात्री जेवले नाहीत असं अक्कांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

कारण अण्णांची खरी धास्ती तीच होती. त्यांच्या सोप्यावर कुणीही यायचं, बसायचं, तंबाखू मळायचं, उठून जायचं. दार वाजवायचा प्रश्नच नव्हता. जाळी म्हटली की जाळीचं दार आलं. "दार आलं की माणूस इचार करतंय, आत जाऊ का नको," अण्णा म्हणायचे. "आनि इचार करणारं माणूस म्होरं जातंय." आम्हाला खोली विचार करणारा माणूस म्हणून मिळाली होती याची आठवण मी त्यांना करून द्यायचे, तेव्हा ते कान खाजवायचे.

त्यांची एक म्हण होती, त्यांनीच केलेली असावी: घाईची मोजणी, पिढ्यांची भांडणं. ती कुठून आली हे त्यांनी मला एकदा सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला सीमेकडच्या एका गावात दोन भावांची वाटणी मोजायला ते गेले होते. दोघे राजी, गाव राजी, एका दिवसात खुणा रोवून काम उरकलं. लगतची एक विधवा तेवढी राहिली. तिला नोटीस पोचली नव्हती, आणि तिचा काय संबंध, असं सगळेच म्हणाले. नवी हद्द पडली आणि तिची विहिरीवर जायची पायवाट भावांच्या बांधात गेली. ती कचेरीत आली. भांडली नाही, रडली नाही. "मला इचारलं असतंस तर बरं झालं असतं," एवढं म्हणाली आणि गेली. तिचं हे वाक्य अण्णांनी मला दोनदा सांगितलं. मी तेव्हा पंचविशीत होते. मला वाटलं, अहो, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात.

तर असं करत करत दोन वर्षं गेली. जाळीचा एक हिरवा तुकडा नमुन्यादाखल खांबाला बांधला होता, तो विटून पांढरा झाला. पंच वाढत चालले होते. तारखा पडत होत्या. शेवटी एका रविवारी अण्णा स्वच्छ धोतर नेसून, कागदाची घडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, दक्षिण बाजूची लगतदार म्हणून तुमचा जबाब ऱ्हायलाय."

मी पोरीला न्हाऊ घालत होते. तिच्या अंगावर घामोळं उठलेलं, ती किंचाळत होती. नवरा रातपाळी करून आलेला आणि आत झोपलेला. दिवसा तासन्‌तास वीज जायची. पंखा बंद, आणि जो काही वारा यायचा तो तलावाकडून सोप्यात आणि सोप्यातून त्या खिडकीत. मी एका श्वासात म्हणाले, "नको अण्णा. जाळीनं वारं अडतंय. आमचा जीव गुदमरेल इथं."

त्यांनी ते लिहिलं. मला वाचून दाखवलं. माझ्या ओल्या हाताची सही घेतली. "बरं," म्हणाले आणि आत गेले. मधल्या खोलीचं दार उघडंच होतं. अक्का तिथून सात-आठ हातांवर होत्या. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण मी पोरीचं डोकं पुसत होते आणि मला माझं बरोबर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल जाहीर झाला. "दक्षिण बाजूची हरकत मान्य. जाळी न्हाय." मला तर जिंकल्यासारखंच वाटलं. दोन वर्षांचं भिजत घोंगडं मी एका वाक्यात मिटवलं होतं.

त्या संध्याकाळपासून अण्णांनी नवंच खूळ काढलं. अक्कांना आत नेणं बंद. डास उठायची वेळ झाली की ते खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि खांद्यावरचा पंचा अक्कांवर फिरवत राहायचे. तासभर, दीड तास. रस्त्यावरून कुणी हाक मारली, की डाव्या हातानं नमस्कार आणि उजव्या हातानं पंचा. हात भरून आला की बाजू बदलायची. गावातली पोरं त्यांना हसायची. दूधवाला म्हणायचा, "अण्णा, म्हशीला शेपूट असतंय, अक्कांस्नी तुम्ही हाय."

मीही हसायचे. आणि हसण्यावर भागवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी ते शाळेच्या स्टाफरूममध्ये रंगवून सांगायचे. नकाशा, साखळी, पोस्टमनचा जबाब. आणि शेवटी टाळी घ्यायचं वाक्य ठरलेलं: "साऱ्या गावाला विचारलं हो, फक्त ज्या बाईला डास चावत होते तिला विचारलं नाही!" बायका डोळे पुसेपर्यंत हसायच्या. पुरुष असेच, कुणीतरी म्हणायचं. आम्ही कळंबा सोडून राजारामपुरीत फ्लॅट घेतला, शाळा बदलली, तरी हा किस्सा माझ्याबरोबर आला. कुठल्याही हळदीकुंकवात मला कुणीतरी म्हणायचं, तुमच्या त्या घरमालकांचं सांगा की. मी सांगायचे.

फ्लॅटच्या गॅलरीला मी जाळी मारून घेतली. फोन केला, माणूस आला, टेपनं एकदा माप घेतलं. दोन दिवसांनी अॅल्युमिनियमच्या चौकटी घेऊन आला आणि दोन तासांत काम उरकून, चहा पिऊन गेला. तो गेल्यावर मी गॅलरीत उभी होते. एवढंसं काम होतं हे, असं मनात आलं आणि मी घाईघाईनं दुसऱ्या कशाचा तरी विचार करायला लागले.

अण्णा गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. झोपेतच गेले. त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन सगळं करून परत गेला होता. अक्कांना पुण्याला जायचं नव्हतं, म्हणून सांभाळायला एक बाई ठेवली होती. मी गेले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. रस्ता वाहता होता, सोपा रिकामा. दार लावलेलं. मी ते वाजवलं. त्या घराचं दार वाजवायची माझी ती पहिलीच वेळ.

अक्का मधल्या खोलीत, अंधारात. बारीक झालेल्या. मला बघून डावा हात पुढं केला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, माझ्या पोरीचं, शाळेचं. मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अक्का, अण्णांनी सोप्याला जाळी मारायला पाहिजे होती. सगळ्यांना विचारत बसले, तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही."

अक्का सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "कोण म्हणलं न्हाय इचारलं म्हणून?"

मी पुढं सरकले.

"तुझा जबाब घिऊन आत आले. समदा वाचून दावला. मग म्हणले, आता शेवटचा जबाब तुझा. तू म्हणशील ते. तू हो म्हणलीस तर उद्याच मारतो, कुणाचं ऐकत न्हाय."

"मग?"

"मी म्हणलं, नको." त्या दम खायला थांबल्या. "तुझं लेकरू रडत हुतं न्हवं घामोळ्यानं. तुझा मालक रातपाळी करून झोपतोय. वारं अडलं तर पोरगी कुठं जाईल, म्हणलं. आपल्याला काय, दार लावता येतंय."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं कुणी?"

"मीच म्हणलं हुतं, सांगू नगा. पोरीच्या जिवाला लागंल."

"आणि आम्ही सोडून गेल्यावर? तेव्हा तरी मारायची."

अक्का हसल्या. तोंडाच्या एकाच बाजूनं यायचं ते हसू. "काढलं की त्यांनी परत. नकाशा घिऊन आले. मी म्हणलं, साक." सीमेकडच्या माणसांचा हा शब्द, पुरे म्हणायचा. "उभ्या जल्मात घरात दोन घटका बसला न्हाय माणूस. कायम साखळी घिऊन रानात. आता रोज माज्याजवळ बसतोय, पंच्यानं वारं घालतोय. जाळी मारून त्येला उठवू व्हय गं?"

आतल्या बाईनं चहा आणला. मी तो घेतला, कसा लागला ते कळलं नाही. दहा वर्षं मी त्या माणसाला लोकांत हसू करून ठेवलं होतं. तो मात्र प्रत्येकाला विचारून, शेवटी जिला विचारायचं तिलाही विचारून, माझ्यासाठी आणि तिच्या शब्दासाठी रोज हात दुखेपर्यंत पंचा हलवत बसला होता. आणि मी भिंतीपलीकडं, वाऱ्याशी, पोरीला मांडीवर घेऊन त्याच्यावर विनोद रचत होते. मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

मी त्याच आठवड्यात जाळीवाल्याला घेऊन गेले. मुलाला फोनवर विचारलं, तो म्हणाला, मारा की. सकाळी दहाला काम सुरू झालं, बाराला संपलं. संध्याकाळी आम्ही अक्कांना बाहेर आणलं, खाटेवर बसवलं. डास जाळीच्या पलीकडं गुणगुणत होते. मी सहज म्हणून आमच्या जुन्या खोलीत जाऊन खिडकीपाशी उभी राहिले. खोली रिकामीच होती. वारं येत होतं. थोडं कमी असेल, पण येत होतं.

परत आले तर अक्का रस्त्याकडं बघत होत्या. रस्त्यावरून वैरणीच्या बायका चालल्या होत्या. एक-दोघींनी मान वळवली, पण जाळीच्या आत कोण बसलंय हे त्यांना नीट दिसलं नसावं. हाक काही आली नाही. अक्का म्हणाल्या, "झ्याक झालंय. एकबी डास न्हाय." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू येत जा की बसायला."

"दर गुरुवारी येते," मी म्हणाले. गुरुवारी माझी शाळा लवकर सुटायची. मी ते मनापासून म्हणाले होते.

दोनदा गेले. मग तिसऱ्या गुरुवारी पेपर तपासायचे होते, चौथ्या गुरुवारी पाहुणे आले, मग पोरीची परीक्षा आली. राजारामपुरीहून कळंबा काही लांब नाही, स्कूटरनं वीस मिनिटं. जाळी मारायला मी एका आठवड्यात माणूस शोधला होता. तिच्या आत जाऊन बसायला मला वर्षभर सवड झाली नाही. आपण अक्कांची सोय तर केली, असं मी स्वतःला सांगत राहिले आणि ते मला पटतही राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा सांभाळणारी बाई, मधल्या काळात ठेवलेली नवी, आपलं बोचकं आवरत होती. शेवटी शेवटी कशा होत्या, मी तिला विचारलं. ती म्हणाली, बऱ्या होत्या, त्रास काही दिला नाही. फक्त गुरुवारी दुपारपासनं वेणी घालून मागायच्या आणि खाट जाळीच्या दाराजवळ सरकवायला लावायच्या. बाहेरून दार कुठं उघडायचं ते नव्या माणसाला कळत नाही म्हणायच्या.

ती हे मला टोचून बोलली नाही. गुरुवारी कोण यायचं होतं हे तिला माहीतच नव्हतं.